सातारा–कोल्हापूर, मार्गे कराड

साताऱ्याहून कोल्हापूरला जायला एसटीला अडीच-तीन तास पुरतात. आमचे तात्या नऊ वर्षांपूर्वी निघाले, ते अजून वाटेतच आहेत. आणि त्याचं त्यांना काही वाटतही नाही. विचारलं की म्हणतात, "घाई नाही. गाडी मार्गावर आहे."

हे कोल्हापूर म्हणजे पायाचा अंगठा. गुडघा म्हणजे सातारा. कंबरेशी स्वारगेट. जमिनीवर पाय लांब करून बसायचं, पुढं वाकायचं आणि हाताची बोटं जिथवर जातील तिथं तात्यांचा त्या दिवशीचा मुक्काम. पोटरीचा जाड भाग ओलांडला की उंब्रज, नडगीच्या मध्यावर कराड, घोट्याच्या वर पेठ नाका, घोट्याला किणीचा टोल. आसनाचं नाव पश्चिमोत्तानासन. पण तात्यांच्या तोंडी ते कधी आलेलं मी ऐकलेलं नाही. ते म्हणतात, 'लांब पल्ला'.

तात्या एसटीत वाहतूक नियंत्रक होते. साताऱ्याच्या स्टँडवर त्या खिडकीमागं बसून त्यांनी उभी हयात दुसऱ्यांच्या गाड्या सोडल्या. मुंबई, पंढरपूर, महाबळेश्वर, सगळं महाराष्ट्रदर्शन त्यांनी माइकवरून घडवलं आणि स्वतः संध्याकाळी पायी घरी आले. निवृत्तीनंतर काही माणसं देवळात बसतात, काही शेअर बाजारात. तात्या स्वतःच्या पायांत जाऊन बसले.

त्याला निमित्त झालं तुळशीच्या लग्नाचं. वृंदावन उचलून अंगणाच्या मध्ये आणायला गेले आणि कंबरेत उसण भरली. पायाळू माणसाची लाथ खाऊन झाली, शेकून झालं, डॉक्टरांच्या गोळ्या नि कंबरेचा पट्टा झाला. शेवटी काकी म्हणाल्या, "त्या बाईंकडं तरी जाऊन बघा." बाई म्हणजे पुण्यात बरीच वर्षं अय्यंगार पद्धतीचा योग शिकून साताऱ्याला परत आलेली, तात्यांच्या लेकीच्या वयाची मुलगी. पण शिकवते म्हणून बाई. तात्या तिच्यासमोर चप्पल काढून असे उभे राहतात, जसे उशिरा आलेले ड्रायव्हर यांच्या खिडकीसमोर उभे राहायचे.

पहिल्या दिवशी बाईंनी पुढं वाकायला सांगितलं. तात्यांची बोटं गुडघ्याच्या बरीच अलीकडं थांबली. "कुठं ओढ बसतेय?" बाईंनी विचारलं. तात्या म्हणाले, "सगळ्याच विभागांत." मग स्वतःच्या बोटांकडं बघून म्हणाले, "साताऱ्यातसुद्धा शिरलो नाही बाई. लिंब खिंडीत अडकलोय." तिथून हा सगळा नकाशा सुरू झाला.

त्याची नोंदवही आहे. लाल पुठ्ठ्याची, आडव्या-उभ्या रेघांची, हातानं रकाने आखलेली: दिनांक, आसन, उजवा, डावा, शेरा. 'उजवा: कराड. डावा: उंब्रज. शेरा: डाव्यास विलंब.' हा डाव्याचा विलंब नऊ वर्षांत भरून निघालेला नाही. तात्यांचं निदान असं की तीस वर्षं खिडकीमागं उजवा पाय डाव्यावर टाकून बसलो, त्याची ही वसुली आहे. थंडीच्या दिवसांत शेरा असतो 'इंजिन गार, उशिरा सुटली.' लग्नसराईत जेवणावळी झाल्या की 'ओव्हरलोड.' एकदा नुसतंच 'काकींशी बोलाचाली. स्वारगेट सोडलं नाही.' मला हा शेरा फार आवडतो. मनाचा नि कंबरेचा काय संबंध, यावर लोक पुस्तकं लिहितात. इथं एका ओळीत काम झालं.

तात्यांच्या मुलानं पुण्याहून त्यांना अय्यंगारांचं 'लाइट ऑन योगा' आणून दिलं. 1966 साली पहिल्यांदा निघालेल्या या पुस्तकात प्रत्येक आसनापुढं एक आकडा आहे. आकडा जेवढा मोठा तेवढं आसन अवघड. ताडासन म्हणजे नुसतं सरळ उभं राहणं, त्याला 1. पश्चिमोत्तानासनाला 6. असं करत करत 60 पर्यंत. तात्यांना तो प्रकार बघताक्षणी कळला. "अरे, हे तर भाडेपत्रक आहे! टप्पे पाडलेत!" एसटीचं भाडं टप्प्यावर असतं, सहा किलोमीटरचा एक टप्पा; त्यामुळं त्यांना हे पुस्तक आपल्याच खात्यानं छापल्यासारखं वाटलं. मग त्यांनी साठाव्या टप्प्याचा फोटो काढून बघितला. उभ्यानं मागं वाकून, डोकं खाली नेऊन, स्वतःचेच घोटे धरलेले. बराच वेळ बघितला. पुस्तक मिटलं, डोळ्यांना लावलं आणि म्हणाले, "ही गाडी आपल्या डेपोची नाही."

अय्यंगारांबद्दल त्यांना वाटणारा आदर मात्र निराळ्या कारणाचा आहे. हा माणूस 1937 साली कर्नाटकातून पुण्याला आला तो डेक्कन जिमखान्यावर सहा महिने शिकवायला म्हणून, आणि 2014 मध्ये गेला तोही पुण्यातच. लहानपणी आजारानं गांजलेला, भाषा येत नाही, ओळखीचं कोणी नाही. तात्या मान हलवून सांगतात, "सहा महिन्यांची तात्पुरती बदली. रद्द करून घ्यायला मंत्रालयात खेटे घातले नाहीत. तिथंच काम उभं केलं!" मॉडेल कॉलनीतली त्यांची संस्था 1975 मध्ये सुरू झाली, ती तात्या एकदा बाहेरूनच बघून आले. आत का गेला नाहीत विचारलं, तर म्हणाले, "आधी कोल्हापूर येऊ दे. सांगायला तोंड तर पाहिजे."

सूर्यनमस्कारांचा विषय निघाला की मात्र ते पुण्याला विचारत नाहीत. तो आमच्या जिल्ह्याचा माल, असं त्यांचं ठाम मत. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत, त्यावर त्यांनी पुस्तकं लिहिली, संस्थानातल्या शाळांतून पोरांना घालायला लावले. तात्यांचे वडील औंधच्या त्या शाळेतले. म्हातारपणीसुद्धा मागच्या दारी लंगोट लावून मित्राय नमः, रवये नमः चालायचं आणि लहानपणी तात्या पांघरुणातून ते ऐकायचे. "ऐकून ऐकून बाराच्या बारा नावं पाठ झाली माझी," ते म्हणतात, "पण नमस्कार एक आला नाही. ऐकून येत नसतं ते."

हे ऐकून येत नाही, हाच तात्यांचा सगळा सिद्धान्त आहे. आणि तो ते आम्हाला सारखा ऐकवत असतात.

उदाहरणार्थ, गुडघ्याची वाटी. ताडासनात बाई सांगायच्या, "गुडघ्याच्या वाट्या वर ओढा." तात्यांना वाटलं, ही बोलायची पद्धत असेल, जशी 'कंबर कसा' म्हणतात तशी. वाटी म्हणजे हाड, ते काय खिडकीची काच आहे वर ओढायला? बरेच दिवस ते बाईंनी 'ओढा' म्हटलं की भुवया वर ओढायचे. मग एक दिवस बाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं, पाय समोर लांब करायला लावला, मांडीवर दोन बोटं ठेवली आणि म्हणाल्या, "इथून." तात्यांनी काहीतरी केलं. काय केलं ते त्यांनाही सांगता येत नाही. पण वाटी हलली. बोटभर वर सरकली आणि सोडल्यावर खाली आली. तात्या सांगतात, सासष्ट वर्षं जी वस्तू आपल्या घरात होती तिचं बटण त्या दिवशी सापडलं.

तो दिवस आमच्या गल्लीला महागात पडला. तात्या धोतर-पायजमा गुडघ्यापर्यंत सारून दिसेल त्याला वाटी हलवून दाखवू लागले. दूधवाल्याला दाखवली, पेपरवाल्याला दाखवली. घरपट्टी भरायच्या रांगेत पुढच्या अनोळखी माणसाला म्हणाले, "तुम्ही गुडघ्यावर लटकून उभे आहात. वाट्या ओढा." त्या गृहस्थांनी खिशातलं पाकीट घट्ट धरलं. मला तर त्यांनी ओट्यावर बसवून माझी मांडी दाबली आणि विचारलं, "कळलं?" मी म्हटलं, "कळलं." "मग हलव." हलली नाही. "म्हणजे नाही कळलं," असं म्हणून ते माझ्या दुसऱ्या मांडीकडं वळले.

यातलं शास्त्र त्यांनी स्वतःच्या भाषेत बसवून घेतलं आहे. मांडीच्या पुढच्या बाजूनं काम केलं की मागची बाजू आपोआप ढिली पडते. डॉक्टरही हेच सांगतील. तात्या सांगतात, "दोघांनी एकदम स्टिअरिंग धरायचं नाही. पुढच्यानं चालवायचं ठरवलं की मागच्यानं झोपायचं."

आता उभं राहण्याची कुठलीही संधी ते वाया घालवत नाहीत. संगम माहुलीला दहाव्याला गेलो होतो. पिंड ठेवलेले, सगळे कावळ्याकडं डोळे लावून. कावळा झाडावर बसून इकडं बघत होता, पण शिवायचं नाव घेईना. घरच्यांनी सगळी वचनं देऊन झाली. धाकट्याचं लग्न करतो, वाटणीवरून भांडणार नाही. तरी नाही. तेवढ्यात कोणीतरी हळूच म्हणालं, "तात्या, पाय खाली घ्या." बघतो तर तात्या मागं डाव्या पायावर उभे, उजवा तळवा डाव्या मांडीला टेकवलेला, वृक्षासन. त्यांच्या ते ध्यानातही नव्हतं. त्यांनी पाय खाली घेतला आणि कावळा शिवला. गेलेल्या माणसाची शेवटची इच्छा काय होती यावर तिथं बरीच चर्चा झाली. तात्यांनी घरी येऊन वहीत लिहिलं: 'वृक्षासन, डावा. वेळ बरीच. शेरा: तोल उत्तम.'

आता खुर्च्यांविषयी. अय्यंगार पद्धतीत पट्टे, लाकडी विटा, घोंगड्या, लोड, भिंतीतले दोर अशी बरीच सामग्री लागते. ज्याचं शरीर जिथं पोचत नाही तिथं ती पोचवते. तात्यांना हे फार मानवलं. "जिथं गाडी जात नाही तिथं जीप लावायची." घरातल्या सगळ्या वस्तूंकडं ते त्या नजरेनं बघू लागले. बेडिंगचा पट्टा पायात अडकवायला गेला. वडिलांच्या धोतराचा दोर झाला. वरवंटा मांडीवर वजन म्हणून जाऊ लागला, तेव्हा काकींनी मिक्सर मागितला आणि तो त्यांना मिळाला; योगाचा काकींना झालेला हा पहिला लाभ. भिंतीत हूक मारून दोर टांगले, त्यांवर पावसाळ्यात काकी साड्या वाळत घालतात.

या सामग्रीत लोखंडी घडीची खुर्चीही असते. तिच्या पाठीचा पत्रा काढून टाकलेला असतो, म्हणजे त्या चौकटीतून पाय घालून बसता येतं, मागं कमान टाकता येते. तात्यांनी अशी एक खुर्ची वर्गात पाहिली आणि दुसऱ्या दिवशी घरातल्या चारही खुर्च्या फॅब्रिकेशनवाल्याकडं नेऊन पाठी कापून आणल्या. एक कशाला, असा त्यांचा हिशेब होता. कटिंगचे पैसे तसेही घाऊकच लागतात.

पुढच्याच रविवारी पुतणीला बघायला पाहुणे आले. घर आवरलं होतं, पोहे झाले होते, खुर्च्यांवर स्वच्छ टॉवेल पसरले होते. म्हणजे पाठी नाहीत हेही झाकलं गेलं होतं. मुलाचे मामा ऐसपैस गृहस्थ. त्यांनी पोह्यांची बशी हातात घेतली, "मग मुलीचं शिक्षण..." असं म्हणत निवांत मागं रेलले आणि टॉवेलसकट चौकटीतून पलीकडं गेले. पाय वर, डोकं खाली, बशी मात्र हातात सरळ. सगळे धावले. तात्यांच्या तोंडून पहिले शब्द निघाले, "मान सैल सोडा! श्वास धरू नका!" मामांना उठवून बसवलं, खोबरं-कोथिंबीर झटकली, काकींनी पाणी दिलं. सगळं शांत झाल्यावर तात्या मुलाच्या वडिलांना कौतुकानं म्हणाले, "तुमच्या मेव्हण्यांच्या पाठीला कमान चांगली आहे हो. या वयात अशी मिळत नाही."

लग्न जमलं. मामा मात्र अक्षता टाकून झाल्यावर जेवायला बसताना आधी खुर्ची चाचपून बघत होते.

काकी स्वतः यांतलं काही करत नाहीत. "मला वेळ कुठाय?" हे त्यांचं उत्तर. तात्यांनी नाना प्रकारे सांगून बघितलं: वयाप्रमाणं सांधे आखडतात, पाठ वाकते, आत्ता सुरुवात कर. एका दिवाळीत काकी स्वयंपाकघरात जमिनीवर उकिडव्या बसून चकल्या पाडत होत्या. तळवे पूर्ण टेकलेले, गुडघे छातीशी. बाईंच्या वर्गात अशाच बसण्याला मालासन म्हणतात आणि तात्यांच्या टाचा त्यात दोन विटा घातल्याशिवाय टेकत नाहीत. तात्या दारात थबकले. "किती वेळ बसलीयस अशी?" "सकाळपासनं." "दुखत नाही?" "काय दुखायचंय?" तात्यांनी त्यांना हात पुसायला लावले, चटईवर पाय लांब करून बसवलं आणि म्हणाले, "वाक." काकी वाकल्या. अंगठे धरले. "पुढं?" त्यांनी विचारलं. आणि तळहात पावलांच्या पलीकडं जमिनीवर टेकून, कपाळ नडगीला लावून म्हणाल्या, "चकल्या करपतील, उठू का?"

तात्या ती संध्याकाळ गप्प होते. रात्री त्यांनी वही काढली. रकाने तेच. 'सौ. — उजवा: बेळगाव. डावा: बेळगाव. शेरा: विनाथांबा, विनावाहक.'

आमच्या सकाळच्या कट्ट्यावर संस्कृतचे निवृत्त सर आहेत. त्यांना तात्यांची फिरकी घ्यायला आवडतं. पतंजलींच्या योगसूत्रांत दोनशेला थोडी कमी सूत्रं, त्यातली आसनावर मोजून तीन. आणि त्यांचा मथितार्थ असा की बसणं स्थिर हवं, सुखाचं हवं. "अंगठा धरा असं पतंजली कुठं म्हणतात, दाखवा," सर म्हणतात. तात्या हरत नाहीत. "सुखानं बसा म्हणायला काय जातंय? त्यांची कंबर मोकळी असेल. मी सुखानं बसतो तेव्हा काकी म्हणतात पोक काढून बसू नका."

पण तात्यांची खरी गोष्ट पुढंच आहे. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला पुण्याहून नगरला सुटली, म्हणून 1 जून हा त्यांचा सण. मागं एका वर्षी त्यांनी ठरवलं, या 1 जूनला कोल्हापूर गाठायचंच. महिनाभर सकाळ-संध्याकाळ लांब पल्ला. पेठ नाका झाला, किणी झालं. आणि त्या दिवशी पहाटे खरोखर त्यांच्या हातात अंगठा आला. काकींना उठवून फोटो काढायला लावला. फोटो जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर गेला, 'कोल्हापूर आगमन, वेळ 5.40' अशा मजकुरासह. अभिनंदनाचा पाऊस पडला. तात्या पेढ्यांचा पुडा घेऊन वर्गात गेले. अर्थातच कंदी.

बाईंनी पेढा घेतला, फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाल्या, "तात्या, गुडघे बघा."

गुडघे वाकलेले होते. पाठीला पोक आलं होतं, हनुवटी कासवासारखी पुढं, आणि चेहऱ्यावरून दिसत होतं की श्वास छातीतच कोंडलेला आहे. अंगठा पुढं येऊन हाताला भेटला होता. हात तिथवर गेलाच नव्हता. बाई म्हणाल्या, "हे कोल्हापूर नाही, तात्या." आणि मग त्यांनी समजावून सांगितलं ते असं. मांडीच्या मागच्या शिरा वर आपण ज्या हाडांवर बसतो तिथं बांधलेल्या असतात. त्या आखूड असल्या की बसल्याजागी कंबरेला मागं खेचून धरतात. अशा वेळी माणसाला वाकायची घाई झाली, तर सांधा हलतच नाही. नुसती पाठ गोल होते आणि सगळा भार मणक्यांवर येतो. जिथं आधी उसण भरली होती, नेमका तिथंच.

तात्यांनी हे ऐकलं, पण ऐकून येत नसतं ना. दोन दिवसांनी बसायच्या हाडाजवळ अशी काही कळ आली की पुढचे दोन महिने त्यांना बाथरूमच्या स्टुलावर बसतानासुद्धा आधी विचार करावा लागायचा. वहीत त्या दोन महिन्यांची पानं कोरी नाहीत. रोजची तारीख आहे आणि पुढं लाल शाईत 'फेरी रद्द.'

मग बाईंनी त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावली. चार घड्यांच्या घोंगडीवर बसायचं. तळव्यांना पट्टा घालायचा, त्याची टोकं हातात. गुडघे सरळ, वाट्या वर. छाती उचलायची आणि वाकायचंच नाही; फक्त कंबरेचं हाड पुढं कलतंय का बघायचं. पोटाची वळी पडता कामा नये. हनुवटी काहीही शोधायला जाता कामा नये. तात्यांसारख्या माणसाला, ज्यानं नऊ वाजून दहा म्हणजे नऊ वाजून दहा असं आयुष्य काढलं, त्याला 'कुठंच जायचं नाही, नुसतं बसायचं' ही ड्यूटी किती जड गेली असेल! पण केली. रोज. काकी सांगतात, एकेक दिवस नुसते पट्टा धरून बसायचे, आणि समोरून बघणाऱ्याला वाटायचं, हा माणूस नाव वल्हवायचं थांबवून नदी बघतोय.

एका सकाळी सातच्या आत आमची बेल वाजली. दारात तात्या, बनियनवर, चेहरा उजळलेला. "आज शिरवळला आलो!"

मी अजून चहा घेतला नव्हता. म्हटलं, "तात्या, तुम्ही तर जूनमध्ये कोल्हापूरला होता."

"ते सोड. ते बोगस होतं." त्यांनी माझ्याच दारात उभं राहून कंबरेच्या खोबणीवर दोन्ही हात ठेवले आणि पाठ फळीसारखी सरळ ठेवून अगदी थोडे, वीतभर, पुढं कलले. "बघ. इथनं हललं. पाठ नाही, इथनं. दिसलं?" मला काही दिसलं नाही, खरं सांगतो. पण ज्या आनंदानं त्यांनी ती वीतभर हालचाल तीनतीनदा करून दाखवली, तो आनंद त्या अंगठ्याच्या फोटोत नव्हता, हे मलाही दिसत होतं. जाताना पायरीवरून वळून म्हणाले, "वाटेत उतरून परत मागं यायला लागलं. पण आता रस्ता पाठ झाला."

21 जूनला मैदानावर जी गर्दी होते तिच्याबद्दल तात्यांचं मत फारसं बरं नाही. "वर्षातून एकदा सुटणारी जादा गाडी," म्हणतात. तरी जातात, आणि मागच्या रांगेत उभे राहून शेजारच्यांचे गुडघे दुरुस्त करतात. पुढच्या रांगेत त्यांना आता घेत नाहीत. एका वर्षी त्यांनी मंचावरच्या पाहुण्यांना खालून ओरडून सांगितलं होतं की साहेब, पोट आत नाही, छाती वर.

शवासनाबद्दल मात्र ते नम्र आहेत. दिसायला सगळ्यात सोपं, साधायला सगळ्यात कठीण, असं अय्यंगारांनीही म्हणून ठेवलं आहे, असं ते सांगतात आणि सांगून डोळे मिटतात. पुढच्या मिनिटाला खंबाटकी चढणाऱ्या गाडीचा आवाज सुरू होतो. वर्गातली बाकीची माणसं एकेक करून उठतात, चटया गुंडाळतात, दिवे जातात. बाई त्यांना उठवत नाहीत. जाग आल्यावर तात्या म्हणतात, "झोप नव्हती. आवाज येत होते सगळे."

त्यांच्यात फरक काय पडला, हे वहीत नाही. ते काकींना विचारावं. काकी म्हणतात, "त्या आसनांचं मला काही कळत नाही बाई. पण पंगतीत मांडी घालून बसतात आणि उठताना आता शेजाऱ्याचा खांदा धरत नाहीत. आणि चिडले की आधी श्वास सोडतात. तेवढ्यात मी स्वयंपाकघरात निघून जाते." आमच्या गल्लीच्या मते ही दुसरी प्रगती पहिलीपेक्षा मोठी आहे, कारण एकेकाळी तात्यांचा आवाज माइक नसताना फलाटाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू यायचा.

तेव्हा साताऱ्यात कोणाकडं गेलात, आणि एक काटक म्हातारा तुमच्यासमोर टॉवेल टाकलेली लोखंडी खुर्ची सरकवू लागला, तर कृपा करून टॉवेल उचलून बघा. पाठ नसेल तर सरळ चटई मागा. उभंच राहतो म्हणू नका. उभे राहिलात, तर तुमच्या वाट्या खाली आहेत हे त्यांच्या लगेच लक्षात येईल, आणि मग तुमची परतीची गाडी चुकलीच म्हणून समजा.